बुधवारचं पाणी

शुक्रवारी दुपारी अस्मरबाईंनी अंघोळीच्या हंड्यावरचं झाकण उचललं आणि आतून कोंबडीची एक तंगडी वर आली.

त्यांनी झाकण परत ठेवलं. डोळे मिटले. भिंतीला हात टेकून एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा झाकण उचललं. तंगडी तिथंच होती. शेजारी एक गाजरही येऊन तरंगायला लागलं होतं.

"ओस्नात! ए ओस्नात! आहेस तशी ये!"

सून धावत आली. सिनेगॉगमधली प्रार्थना आटपून ती नुकती कुठं बूट काढत होती, त्यातला एक तिच्या हातातच होता. तिनं हंड्यात डोकावलं.

"आई, कोंबडी आहे."

"मला दिसतंय कोंबडी आहे ते. मी काय तुला तिची ओळख करून द्यायला बोलावलंय?"

"एक नाही, दोन आहेत. ती बघा दुसरी, तळाशी." मग ओस्नातच्या डोक्यात पुढचा उजेड पडला आणि हातातला बूट खाली पडला. "आई! अहो, हा तर लंगोटांचा हंडा!"

"ओरड! अजून जोरात ओरड! पलीकडच्या गल्लीत एखाद्या घरी ऐकू गेलं नसेल!"

हंडा तांब्याचा, रुंद तोंडाचा, एक लहान पोर आत बसेल एवढा. अस्मरबाईंच्या आईनं तो डोंगरापलीकडच्या झाखो गावाहून खेचराच्या पाठीवर येरुशलेमपर्यंत आणला होता, आणि तेव्हापासून त्यात अन्नाचा एक कण शिजला नव्हता. वर्षभर त्यात ओस्नातच्या तीन पोरांचे लंगोट उकळायचे. त्याआधी ओस्नातच्या नवऱ्याचे, म्हणजे मुलगा शब्तायचे, आणि लेक तिर्झाचे उकळले, आणि त्याच्याही आधी खुद्द अस्मरबाईंचे. सणाच्या आदल्या दिवशी मात्र तोच हंडा राखेनं आणि लिंबानं घासून लख्ख व्हायचा आणि मग त्यात भरायचं अंघोळीचं पाणी.

त्या वर्षी नव्या वर्षाचा सण आला होता गुरुवारी आणि शुक्रवारी, आणि त्याला लागूनच शनिवारचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. म्हणजे सलग तीन दिवस काडी ओढायची नाही. सणाचे दोन दिवस पेटत्या वातीवरून दुसरी वात लावा, स्वयंपाक करा, कुणी अडवत नाही. त्या दिवशी तापवलेल्या पाण्यानं तोंड धुवा, हातपाय धुवा. पण डोक्यावरून घ्यायला म्हणून पाणी तापवाल तर ते पाप. सण लागायच्या आधीपासून तापत असलेलं पाणी असेल, तर अस्मरबाईंच्या माणसांत त्यानं खुशाल अंघोळ करतात. तीही शुक्रवारी सूर्य बुडेपर्यंतच, कारण एकदा शब्बाथ लागला की गरम पाण्याचं नाव काढायचं नाही. अस्मरबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे सगळं त्यांना आईच्या तोंडून पाठ होतं, आणि पाण्याच्या बाबतीत त्या भल्याभल्या शिकलेल्यांना दारात उभं करत नसत.

म्हणून बुधवारी दुपारीच मागच्या पडवीत वातींच्या स्टोव्हवर हंडा चढला. त्यात दहा-बारा तमालपत्रं पडली, अंगाला वास यावा म्हणून. मूठभर मीठ पडलं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. कुणी हात लावू नये याची खूण म्हणून वर लाल फडकं बांधलं गेलं आणि घरात हुकूम सुटला.

"वरून एक थेंब कुणी घालायचा नाही. एक थेंब! सणात नवं पाणी पडलं की हंडा त्या दिवसाचा झाला. मग बसा तीन दिवस कोंबड्यांच्या खुराड्यासारखे."

एरवीही त्या हे सगळं करायच्याच. पण यंदा त्यांनी हंडा दोनदा घासला होता, आणि त्याला कारण होत्या विहीणबाई.

चार महिन्यांपूर्वी तिर्झाचं, म्हणजे अस्मरबाईंच्या शेंडेफळाचं, लग्न झालं. जावई झेलिग बने ब्राक गावचा, रात्रंदिवस पोथ्यांत डोकं घालून बसणारा, गोरा, गरीब स्वभावाचा. त्याच्याविषयी तक्रार नव्हती. पण त्याची आई फ्रूमाबाई! लग्नाच्या पंगतीत त्यांनी पाण्याचा पेला उचलला, उजेडात धरला आणि पिण्याआधी त्याच्या काठावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. एकदाच. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर अस्मरबाईंनी तिथंच दहा गोष्टी ऐकवून विषय संपवला असता. न बोललेल्या गोष्टीला उत्तर कसं द्यायचं? ते बोट चार महिने अस्मरबाईंच्या घशात अडकून होतं.

आणि आता त्याच फ्रूमाबाई पहिल्या सणाला तीन दिवस मुक्कामाला आल्या होत्या. येताना स्वतःची ताटली, स्वतःचा चमचा आणि स्वतःची उशी घेऊन.

"उशी कशाला आणलीत विहीणबाई? आमच्याकडे काय दगडावर डोकं ठेवतात?"

"मानेची सवय हो, दुसरं काही नाही," फ्रूमाबाई म्हणाल्या आणि ताटली स्वतःच धुवून पुसून ठेवली.

गुरुवारी दुपारच्या जेवणावर ठिणगी पडली. अस्मरबाईंनी भाताचं मोठं ताट मधोमध ठेवलं आणि जाहीर केलं, "उद्या सिनेगॉगमधून आलो की सगळ्यांच्या अंघोळी. कडकडीत पाण्यानं."

फ्रूमाबाईंचा घास हातातच राहिला. "सणाला? अंघोळ?"

"पाणी बुधवारचं आहे."

"बुधवारचं असो की गेल्या महिन्यातलं. आमच्याकडे सणात अख्खं अंग भिजवत नाहीत. माझी आई भिजली नाही, तिची आई भिजली नाही."

"मग तीन दिवस करता काय?"

"सहन करतो."

"तुम्ही करता हो," अस्मरबाई म्हणाल्या. "आणि शेजारी?"

शब्तायला ठसका लागला. तिर्झानं आईच्या पायावर टेबलाखालून पाय दिला. झेलिग घाईघाईनं म्हणाला, "तसं बघितलं तर सासूबाई, दोन्ही मतं आहेत. तुमच्याकडच्या ग्रंथात—"

"जावईबापू, तुम्ही भात खा."

फ्रूमाबाईंनी मान खाली घातली आणि आपल्या ताटलीत आपल्या चमच्यानं जेवत राहिल्या. अस्मरबाईंना आतून बरं वाटलं. पाणी कुठं आहे, कुठल्या भांड्यात आहे, हे विचारायलासुद्धा बाई थांबली नाही. उद्या आमची सगळी माणसं न्हाऊन-माखून शब्बाथच्या पंगतीला बसतील तेव्हा बघेल म्हणावं.

शुक्रवारी सकाळी सगळं घर लवकर सिनेगॉगला गेलं. फ्रूमाबाई तेवढ्या मागं राहिल्या. उकाड्यानं डोकं धरलंय, सिनेगॉगमध्ये नव्या वर्षाचं शिंग फुंकायच्या वेळेपर्यंत येते म्हणाल्या. आणि आल्याही. बायकांच्या बाजूला सगळ्या जणी घामानं निथळत, हातातल्या रुमालानं वारा घेत बसलेल्या, आणि ही बाई सोललेल्या काकडीसारखी गार आणि ताजी येऊन शेजारी टेकली. अंगाला कसलासा ओळखीचा वासही येत होता. शिंगाचे सूर चालू होते म्हणून अस्मरबाईंनी त्यावर फार विचार केला नाही. बाईची हाडंच थंड असतील, एवढंच मनाशी म्हणाल्या.

आणि घरी येऊन झाकण उचललं तर ही तंगडी.

"सापडलं का सूप?" मागून आवाज आला. फ्रूमाबाई पडवीच्या दारात उभ्या होत्या, हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसत. "म्हटलं तुम्ही सगळ्या दमून याल, तर एवढं तरी करून ठेवावं. हंडा तयारच होता हो. मीठ घातलेलं, पानं घातलेली. कोंबड्याच तेवढ्या घालायच्या विसरला होतात."

अस्मरबाईंच्या तोंडातून आवाज फुटेना. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ओस्नात कोंबडीपेक्षा जास्त त्याचीच धास्ती घेऊन त्यांच्याकडे बघत होती.

"लाल फडकं होतं ना वर?" ओस्नातनं कसंबसं विचारलं.

"होतं की. चांगलं फडकं. घडी करून ठेवलंय."

त्या दोन कोंबड्या अस्मरबाईंनी रात्रीच्या पंगतीसाठी राखून ठेवल्या होत्या. पोटात भात, बदाम आणि मनुका भरून, शिवून, मंद आचेवर. बुधवारी नेमाप्रमाणे एक उकडलेलं अंडं आणि भाकरी बाजूला काढून ठेवली होती, म्हणजे सणाच्या शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक करायला मोकळीक. सगळं नियमात बसवलं होतं. आता भात होता, बदाम होते, मनुका होत्या, आणि कोंबड्या अंघोळ करत होत्या.

"फार छान केलंत," अस्मरबाई म्हणाल्या. शब्द दातांतून एकेक करून सोडावे लागले.

"खाखामसाहेबांनाही एक वाडगा पाठवला. आम्ही दोघं तुमच्या आधी आलो ना, तेव्हा झेलिगच देऊन आला. एकटा जीव, सणासुदीला गरम पोटात जाईल."

ओस्नातनं जिन्याकडे बोट दाखवलं.

खालच्या मजल्यावर राहणारे खाखाम नहूम म्हणजे वस्तीचे धर्मगुरू, विधुर, सत्तरीचे. अस्मरबाई जिना उतरल्या तेव्हा ते टेबलाशी बसून वाडग्यात पाव बुडवत होते.

"या अस्मरबाई! काय सूप पाठवलंय! कितीतरी वर्षांनी असं—"

"खाखाम, आधी एक विचारायचंय. सणाआधीपासून तापलेलं पाणी आहे. त्यात आज काही पडलं, तर त्यानं अंघोळ चालते का?"

"काय पडलंय त्यावर आहे. माशी पडली?"

"कोंबडी."

"जिवंत?"

"साफ केलेली. दोन. गाजरंपण पडली."

खाखामांनी पाव खाली ठेवला. वाडग्याकडे पाहिलं. मग अस्मरबाईंकडे पाहिलं. पुन्हा वाडग्याकडे.

"म्हणजे हे अंघोळीचं पाणी आहे."

"अंघोळ कुणी केली नव्हती अजून."

"बरं." त्यांनी जरा दम घेतला. "पाणी पाणीच असतं. भांडं अन्नाचंच ना?"

अस्मरबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"अस्मरबाई, भांडं कसलं?"

"तांब्याचं. दोनदा घासलेलं. आतून नवी कल्हई."

"एरवी त्यात काय असतं?"

"कपडे उकळतो. पांढरे."

"पांढरे म्हणजे? टेबलावरची कापडं?"

"त्याहून लहान."

"किती लहान?"

अस्मरबाईंनी दोन हातांच्या मधे एक वीत अंतर दाखवलं. खाखामांनी डोळे मिटले. त्यांची दाढी अधूनमधून हलत होती.

"धर्माचं विचाराल," शेवटी ते म्हणाले, "तर त्यात काही निषिद्ध शिजलेलं नाही, तेव्हा सूप खायला चालतं. पोटाचं मी सांगू शकत नाही. आणि अंघोळीचं म्हणाल तर अन्न झाल्यावर त्यानं अंग धुवायचं नसतं. अन्नाचा तो अपमान आहे."

"मग आम्ही न्हायचं कशानं?"

"थंड पाण्यानं."

"थंड पाण्यानं भाज्या धुतात खाखाम! आणि त्या बाईला मी आता काय ते सुनावते. ताटली स्वतःची आणते, उशी स्वतःची आणते, आणि माझा हंडा—"

"एक शब्द बोलायचा नाही," खाखाम एकदम कडक आवाजात म्हणाले. "या दिवसांत वर देवापुढं आपला सगळ्यांचा निवाडा चाललेला असतो. ती पाहुणी आहे, चांगल्या मनानं शिजवलंय. चारचौघांत तिचा चेहरा उतरवलात तर ते पाप सगळ्या अंघोळींहून मोठं. आणि लंगोटांचं तिला कळलं तर तुमच्या तिर्झाला सासरी जन्मभर काय ऐकावं लागेल, त्याचा विचार करा."

तो विचार अस्मरबाईंनी जिन्यावरच केला. पेल्यावरून फिरलेलं ते बोट त्यांना दिसलं. बाईनं नुसत्या पेल्याला बोट लावून बघितलं होतं. लंगोटांचा हंडा कळला तर ती तिर्झाच्या हातचं पाणीही प्यायची नाही. चार महिन्यांची सून. झालं, संपलंच की पोरीचं.

वर आल्या तर न्हाणीच्या दाराशी रांग लागलेली. पुढे शब्ताय, खांद्यावर टॉवेल. त्याच्यामागं तीन पोरं, उघडीबंब. मग तिर्झा, केस सोडून. आणि सगळ्यात शेवटी, स्वतःच्या आईची नजर चुकवत, हातात टॉवेलाची बारीकशी गुंडाळी घेऊन, जावईबापू.

"आई, पाणी काढू का? सूर्य थांबणार नाही," शब्ताय म्हणाला.

"यंदा अंघोळ नाही."

शब्तायच्या खांद्यावरचा टॉवेल घसरला तो त्यानं उचलला नाही. तो छत्तीस वर्षांचा होता आणि असं वाक्य त्यानं या घरात ऐकलं नव्हतं.

"तुला बरं नाहीये का आई?"

"मला काय धाड भरलीय? यंदा विहीणबाई आपल्याकडे आहेत. यंदा त्यांच्या पद्धतीनं." अस्मरबाईंनी एवढं म्हटलं आणि शब्द घशातून जाताना जणू माशाचा काटा गेला. "त्या तीन दिवस सहन करतात, तर आपल्याला काय झालंय?"

तिर्झाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. "आई, तू एवढं करशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

"मलाही नाही," अस्मरबाई म्हणाल्या. "सोड. घाम आलाय तुला."

फ्रूमाबाई पडवीच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या खूश होतील, मान ताठ करतील असं अस्मरबाईंना वाटलं होतं. पण बाईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि त्या आत जाऊन कांदा चिरायला बसल्या. त्या सूपात कांदा आधीच घातलेला होता.

शब्ताय हट्टानं अंगणातल्या टाक्यावर गेला आणि त्यानं दोन बादल्या थंड पाणी अंगावर ओतून घेतलं. त्याची जी आरोळी उठली, ती ऐकून वरच्या मजल्यावरची म्हातारी शिंग पुन्हा फुंकलं म्हणून उभी राहिली. बाकीच्यांनी तोंडं धुतली, हातपाय धुतले आणि एकमेकांपासून जरा लांब लांब बसले. तेवढ्यात खाखामांकडून वाडगा परत आला. रिकामा. तो त्यांनी खाऊन रिकामा केला की मांजराला घालून, हे विचारायचं धाडस अस्मरबाईंना पुढेही कधी झालं नाही.

शब्बाथचे दिवे लागले. टेबलावर पांढरं कापड पडलं, सफरचंद आणि मध आला, कोंबड्यांवाचून पोरका झालेला भात आला, आणि मग दोन हातांनी मोठं भांडं धरून फ्रूमाबाई सूप घेऊन आल्या. पिवळंधमक, वर तुपासारखा तवंग. वास असा की पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

झेलिगनं एक वाडगा संपवला, दुसरा मागितला. "आई, आज सूपाला काहीतरी वेगळीच चव आहे. घरच्यापेक्षाही चांगली."

"हंड्याचा गुण असेल," फ्रूमाबाई म्हणाल्या.

ओस्नातला खोकला आला.

"तुम्ही घेत नाही विहीणबाई?"

"दात दुखतोय माझा," अस्मरबाई म्हणाल्या.

"आणि ओस्नात?"

"माझाही," ओस्नात म्हणाली. "तोच."

"थोडं तरी. नुसतं पाणी-पाणी. दातांचं काम नाही." फ्रूमाबाई डाव घेऊन अस्मरबाईंच्या बाजूला आल्या आणि वाढायला वाकल्या. डोक्याचा रुमाल जरा पुढं सरकला, मान उघडी पडली, आणि दिव्याच्या उजेडात अस्मरबाईंना ते दिसलं.

मानेवर, केसांच्या मुळाशी, ओलं होऊन वाळलेलं, चिकटलेलं एक तमालपत्र.

अस्मरबाई बघतच राहिल्या. सूपातली पानं सूपात होती. हे मानेवर कसं आलं? मग सकाळची सोललेली काकडी आठवली. बाईच्या अंगाला येणारा तो ओळखीचा वास आठवला. जन्मभर दर सणाला स्वतःच्या अंगाला यायचा तोच वास, आणि तो नाकाला कळला नाही! त्यांनी दोन बोटांनी ते पान अलगद काढलं आणि विहीणबाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"विहीणबाई, तुमचं सूप मानेपर्यंत आलंय."

फ्रूमाबाईंनी पान पाहिलं. डाव तसाच हवेत राहिला, त्यातून कापडावर तीन थेंब पडले.

"जरा स्वयंपाकघरात या," त्या पुटपुटल्या.

दार लोटून दोघी पडवीत उभ्या राहिल्या, मधे हंडा.

"मी नियम मोडला नाही," फ्रूमाबाई आधीच म्हणाल्या. "आमच्याकडे अख्खं अंग एकदम चालत नाही. एकेक अवयव चालतो. बुधवारचं पाणी असेल तर."

"मग तुम्ही किती अवयव धुतलेत?"

फ्रूमाबाई जमिनीकडे बघायला लागल्या. "सगळे."

"एकेक करून?"

"एकेक करून. म्हणूनच तर पाणी फार लागलं." त्यांनी मान वर केली. "तुम्ही काल म्हणालात ना, आणि शेजारी? रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या. चाळीस वर्षं झाली लग्नाला. इतक्या वर्षांत कुणी तोंडावर बोललं नव्हतं, पण माझं मला कळतं ना तिसऱ्या दिवशी. सकाळी घरात कुणी नाही, समोर हंडा, वाफ, तो वास. म्हटलं एक हात. मग म्हटलं दुसरा हात तरी का मागं ठेवायचा."

अस्मरबाईंनी हंड्याकडे पाहिलं. आपलीच जीभ फिरून आपल्याच हंड्यात पडली होती, हे त्यांना हळूहळू उमगत होतं.

"अर्धा हंडा संपला तेव्हा भानावर आले. घाबरून टाक्याचं पाणी आणून ओतलं, होता तेवढा भरला. आणि ओतल्यावर आठवलं."

"की हंडा आजचा झाला."

"हो ना! तुम्ही सगळे त्यानं न्हाला असतात तर? वर्षाच्या दुसऱ्याच दिवशी अख्ख्या घराला मी पापात ढकललं असतं. सांगायचं तर तोंड कुठलं? मग म्हटलं, आज तापवलेल्या पाण्यानं न्हाता येत नाही, पण शिजवता येतं. मीठ होतं, पानं होती. कोंबड्या समोरच होत्या." फ्रूमाबाईंनी डोळे पुसले. "आणि वर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, यंदा विहीणबाईंची पद्धत. जमीन फाटली असती तर बरं झालं असतं."

आता हातात पान होतं. टेबलावर सगळं घर बसलेलं. नुसतं दार उघडून चार शब्द बोलायचे, आणि पेल्यावरच्या बोटाची कायमची फिटंफाट. अस्मरबाईंच्या जिभेच्या टोकाशी ते चार शब्द आले, रांगेत उभे राहिले.

"पाणी कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पाणी. अंगाला कसं वाटलं?"

फ्रूमाबाईंनी डोळे मिटले. "खोटं कशाला बोलू? माझ्या लग्नाच्या दिवशी घातलेलं न्हाणंसुद्धा असं नव्हतं."

चार महिने घशात अडकलेलं ते बोट त्या क्षणी निघालं. अस्मरबाईंनी तमालपत्र चुरगळून स्टोव्हमागं टाकलं, दार उघडलं आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

"वाढा," त्या म्हणाल्या आणि वाडगा पुढं केला.

"आई!" ओस्नात किंचाळलीच. "तुमचा दात!"

"थांबला."

सासू सूप प्यायला लागली तेव्हा ओस्नात शब्बाथचे दिवे विझताना बघावेत तशी बघत राहिली. अस्मरबाईंनी पहिला घोट डोळे मिटून घेतला, दुसरा उघडे ठेवून. तिसऱ्यानंतर त्यांनी पाव तोडला. वाईट म्हणण्यासारखं काही सापडेना, त्याचाच त्यांना मोठा धक्का बसला.

जेवणं झाल्यावर फ्रूमाबाईंनी आपली ताटली धुतली आणि पहिल्यांदाच ती घरातल्या ताटल्यांवर ठेवली. मग पडवीत जाऊन रिकाम्या हंड्यापाशी थांबल्या. सवयीनं त्याच्या काठावरून एक बोट फिरवलं, उजेडात धरलं. बोट स्वच्छ होतं.

"कसला लख्ख आहे हो हंडा! एरवी काढता की सणालाच?"

आत ओस्नातच्या हातातून एक पेला निसटून मोरीत पडला.

"एरवीही काढतो," अस्मरबाई म्हणाल्या. "पण खास नातवंडांसाठीच."

"अगंबाई!" फ्रूमाबाईंचा चेहरा मऊ झाला. "मग माझं एक ऐका विहीणबाई. तिर्झाला देव करो आणि लवकर बाळ होवो. झालं की हा हंडा तिला द्या. आमच्या घरीही यातलंच होऊ दे."

"देणारच," अस्मरबाई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय तिचं भागायचं नाही."